परक्या मुलखातला प्रेक्षक

नाटकाची परीक्षणे आपल्याकडे उदंड होतात. प्रेक्षकाचे परीक्षण मात्र क्वचितच कोणी करतो. ते धाडस मी येथे करणार आहे, आणि तेही नाट्यगृहातल्या नव्हे, तर फुटबॉलच्या मैदानावरच्या प्रेक्षकाचे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पेशा मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. तेव्हा जाणकारांनी चूकभूल पोटात घालावी.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठांतून आणि तालमींतून वाढला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांची गाठ पडली की वर्गातले बाक रिकामे पडायचे, आणि खरे सांगायचे तर मास्तरांचेही चित्त खडूवर नसायचे. त्या गर्दीची भाषा सोवळी नाही, पण नजर मोठी पक्की! शेंगा सोलत बसलेला एखादा म्हातारा सहज म्हणून जातो, "पोरगं उजव्या पायाबिगर चालतंच न्हाई." आपल्या तालमीच्या पोराला तो शिव्या घालतो आणि समोरच्याच्या सुरेख फटक्याला, ओठ आवळून का होईना, मान डोलावतो. वर्षानुवर्षे पाहून त्याने टीकेचा अधिकार कमावलेला असतो.

पुढे काही वर्षे मी दोह्याला धाकट्या भावाच्या बिऱ्हाडी होतो. तेथल्या मराठी मुलांची शिकवणी घ्यावी आणि उरलेल्या वेळी लिहावे, असा क्रम होता. २०२४ च्या जानेवारीत आशियाई चषकाचे सामने कतारमध्ये भरले आणि आपला संघ तेथे आला. १३ जानेवारीला ऑस्ट्रेलियाशी पहिली लढत. मेट्रोच्या हिरव्या मार्गाच्या शेवटच्या स्थानकावर उतरलो, तो अहमद बिन अली स्टेडियमकडे निळ्या सदऱ्यांचा लोटच चाललेला. त्या दुपारी ३५,००० हून अधिक माणसे जमली होती, आणि त्यांत आपलेच लोक अधिक. कोणी गवंडी, कोणी ड्रायव्हर, कोणी कारकून. माझ्या शेजारी मलप्पुरमकडचा एक वीजतंत्री बसला होता. चार वर्षांत तो घरी गेला नव्हता. तिकीट त्याने छातीच्या खिशात असे जपून ठेवले होते, की जणू ते गावच्या गाडीचे असावे!

आता परीक्षणाकडे वळतो. त्या सामन्याचा पूर्वार्ध ही आपल्या संघाची फार मोलाची कृती होती. चेंडू बहुतेक वेळ ऑस्ट्रेलियाच्या पायांत. पण संदेश झिंगन आणि आपल्या मुंबईचा राहुल भेके यांनी मध्यभागी अशी भिंत उभी केली की समोरच्यांना वाट काढता येईना. एक पुढे सरला की दुसरा त्याची जागा राखी. मध्यंतराला ०-० ! पण गर्दीने टाळी दिली ती कशाला? सोळाव्या मिनिटाला सुनील छेत्रीने डोक्याने मारलेला चेंडू खांबाबाहेरून गेला, त्याला. बचावातली ती अबोल कारागिरी कोणी पाहिली नाही. मुख्य पंच होत्या जपानच्या योशिमी यामाशिता. पुरुषांच्या आशियाई चषकात हे काम प्रथमच एका स्त्रीकडे आले होते. माझ्या ओळीत त्याचीही कोणी दखल घेतली नाही. सारे जण 'इंडिया, इंडिया' म्हणत होते आणि स्वतःचाच आवाज ऐकत होते.

आपल्या साहित्यशास्त्रात भट्टनायकाने साधारणीकरण सांगितले आहे. रंगभूमीवरचे दुःख कोणा एकाचे उरत नाही, म्हणून तर त्याचा आस्वाद घेता येतो. परमुलखातल्या प्रेक्षकापाशी हे अंतरच नसते. वर्षांतून एकदा घरचे माणूस भेटावे, तसा त्याला आपला संघ भेटतो. आणि अशा भेटीत कोणी गुणदोष काढत बसत नाही. हे प्रेम खरे, पण ते रसिकता नव्हे, असा निकाल मी मनोमन देऊन टाकला.

उत्तरार्धाच्या पाचव्याच मिनिटाला गुरप्रीतने अडवलेला चेंडू नेमका जॅक्सन अर्विनपुढे पडला आणि पहिला गोल झाला. ७३ व्या मिनिटाला जॉर्डन बॉसने दुसरा केला. तेव्हा, वाचकहो, उठले कोण? रसिकतेचा निकाल देणारे हे मास्तर! मेट्रोची गर्दी टाळावी, एवढाच विचार. शेजाऱ्याने मैदानावरची नजर न काढता म्हटले, "मास्टरजी, अभी सत्रह मिनट बाकी है."

मी खाली बसलो. त्या शब्दांत रागाचा लवलेश नव्हता. म्हणूनच ते लागले. कृती अर्ध्यावर टाकून उठणारा परीक्षक कसला? शेवटचे पान वाचल्यावाचून माझ्या कादंबरीवर कोणी लिहिले असते, तर मी वर्षभर धुमसत राहिलो असतो!

पुढे उझबेकिस्तानने आपल्याला ३-० हरवले. २३ जानेवारीला अल बैत स्टेडियमवर सीरियाच्या ओमर ख्रिबिनने ७६ व्या मिनिटाला एकुलता एक गोल केला आणि आपला संघ एकही गोल न करता स्पर्धेबाहेर गेला. तिन्ही सामन्यांना आम्ही दोघे शेजारी होतो. अल बैतहून परतताना बसमध्ये तो उभ्याउभ्या हाताच्या पंजावर बोटाने रेघा ओढीत मला दाखवीत होता, की आपला कोणता गडी दोन पावले मागे राहिला आणि त्याने कोठे असायला हवे होते. बोलताबोलता त्याने आपल्याच गड्याला एक अस्सल शिवीही हासडली.

अकरा दिवसांत तीन सामने पाहायला मिळाले होते त्याला. शाहू स्टेडियमवरच्या त्या शेंगा सोलणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी त्याला खुशाल बसवावे!