सोबत चालण्याचे वचन

सेलमच्या मंडळीचा १६२९ सालचा करार अवघ्या एका वाक्याचा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर नव्याने वसलेल्या जेमतेम तीस जणांनी ६ ऑगस्टला तो मान्य केला आणि त्या मान्यतेनेच मंडळी उभी राहिली. त्यावर बिशपची सही नव्हती की राजाचा हुकूम नव्हता. आशय एवढाच, की आम्ही स्वतःला प्रभूशी आणि एकमेकांशी बांधून घेत आहोत. तो आपल्या वचनातून जे उलगडत जाईल त्याला धरून त्याच्या वाटांनी आम्ही मिळून चालू. ख्रिस्ती धर्मात जाडजूड विश्वासांगीकारांना तोटा नाही. त्रैक्य, पाप, तारण यांच्या एकेका शब्दासाठी परिषदा भरल्या, पंथ फुटले. सेलमच्या वाक्यात त्यातले काहीच येत नाही. आम्ही काय मानतो हे सांगण्याऐवजी ते आम्ही काय करू एवढेच सांगते. काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीला स्वायत्त मानणाऱ्या, परंपरेत आधी वचन आले आणि सिद्धान्त मागून आला. तिचे सारे सौंदर्य या क्रमात आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला हा विषय वाटतो तितका परका नाही. छावणीतले क्राइस्ट चर्च अँग्लिकन घराण्यातले. पारशी कुटुंबातून आलेल्या रेव्हरंड रतनजी नवरोजींनी ज्या चर्च मिशनरी सोसायटीसाठी या शहरात दीर्घकाळ काम केले, तीही अँग्लिकनच. त्या उपासनेत विश्वासांगीकार सगळ्यांनी उभे राहून एका सुरात म्हणायचा असतो. मात्र नगर रस्त्याने निघून कायगाव टोक्याजवळ गोदावरी ओलांडली, नेवासे फाटा मागे टाकला, की वडाळा बहिरोबा लागते. १८५७ पासून रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक यांनी तिथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे चालवले, आणि या मिशनची नाळ थेट सेलमच्या घराण्याशी जोडलेली आहे. नदीच्या एका काठावर पाठाची परंपरा, दुसऱ्या काठावर वचनाची. दोन्हींची गोडी एकाच दिवसाच्या प्रवासात चाखता येईल असा हा मुलूख आहे.

आता त्या वाक्याकडे पुन्हा पाहू. पहिला बारकावा ‘एकमेकांशी’ या पदात आहे. देवाशी करार करणे ही तर बायबलमधली जुनी गोष्ट. पण इथे देवाशी आणि शेजाऱ्याशी असे दोन करार न करता एकाच क्रियापदाखाली दोघांना बसवले आहे. शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडला, तर देवाला दिलेला शब्द शाबूत राहिला असे म्हणायची सोय वाक्याच्या रचनेनेच काढून घेतली आहे. यावर एकही दाखला, एकही धमकी जोडलेली नाही. एका उभयान्वयी अव्ययाने एवढे मोठे नीतिशास्त्र पेलावे, याला लेखणीची कमालच म्हणावी लागेल.

दुसरा बारकावा क्रियापदाचा. मानणे, कबूल करणे, शपथ घेणे अशी भारदस्त क्रियापदे हाताशी असताना इथे निवडले आहे ते चालणे. चालण्याला वेळ लागतो. वेग कमीजास्त होतो. मागे पडलेल्यासाठी थांबावे लागते. त्यातही ‘तो जसजसा उलगडेल तसतसे’ ही पुस्ती आहे. म्हणजे पुढची वाट आज सगळी दिसत नाही, हे करारातच कबूल केले आहे. ही पुस्ती सेलमकरांनी नव्याने शोधलेली नव्हे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या स्क्रूबी या खेड्याच्या आसपास १६०६ च्या सुमारास जी मंडळी जमली, तिच्या कराराचा आशय विल्यम ब्रॅडफर्डने पुढे प्लिमथ वसाहतीच्या इतिहासात नोंदवला. त्यात कळलेल्या वाटांबरोबर पुढे कळतील त्या वाटांचाही उल्लेख आहे, आणि मोल काहीही पडो, अशी तयारीही. हे लोक १६०८ मध्ये हॉलंडला पळाले. त्यांच्यातले काही जण १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेले. म्हणजे तयारीचे ते शब्द लिहिणाऱ्यांनी चुकते केले. धर्माच्या दस्तऐवजात भविष्यासाठी एवढी जागा मोकळी सोडणे हे फार मोठ्या श्रद्धेचे लक्षण आहे, कारण आपले आजचे ज्ञान पुरे पडेल असा भरवसा नसतानाही चालायला लागण्याची हिंमत त्यात आहे.

मंडळीच्या कराराच्या कल्पनेचा उगम शोधताना अभ्यासक आणखी मागे जातात. चँप्लिन बरेज यांनी १९०४ मध्ये मंडळीच्या कराराच्या उगमावर आणि वाढीवरच स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि या कल्पनेचा माग युरोपातल्या ॲनाबॅप्टिस्ट गटांपर्यंत काढला. इंग्लंडमध्ये ती ठळकपणे दिसते १५८१ च्या आसपास, नॉर्विच शहरात, रॉबर्ट ब्राऊनच्या मंडळीत. ब्राऊनने तिची हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. त्यात लक्ष वेधून घेते ती पद्धत. एकेक मुद्दा मांडायचा, त्याला लोकांनी संमती द्यायची, मगच पुढचा मुद्दा घ्यायचा. सभा कशी चालवायची, शंका आणि आक्षेप कोणी कसे विचारायचे, हेही तिथेच ठरवायचे. सगळे मिळून एकदाच ‘आमेन’ म्हणून मोकळे होणे सोपे होते. ब्राऊनच्या माणसांनी अवघड रीत पत्करली. पुढे ब्राऊन स्वतः राजमान्य चर्चमध्ये परतला, पण त्याने घालून दिलेली रीत मागे राहिली. कल्पना तिच्या पुरस्कर्त्यापेक्षा चिवट निघाली, याचे श्रेय त्या मुद्देसूद संमतीलाच द्यायला हवे.

या साऱ्यांच्या मागे बायबलमधली दृश्ये उभी आहेत. यहोशवाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात म्हातारा पुढारी शखेमात लोकांना गोळा करतो आणि कोणाची सेवा करायची ते आज निवडा, असे बजावतो. लोक होकार देतात, तर तो त्यांना परावृत्त करू पाहतो: तुम्हांला हे झेपायचे नाही. लोक पुन्हा होकार देतात, तेव्हा कुठे तो करार करतो आणि साक्षीला मोठा धोंडा उभा करतो. घाईने दिलेला शब्द नको, परतवून पुन्हा आलेला शब्द हवा, हा त्या प्रसंगाचा धडा काँग्रिगेशनल मंडळ्यांनी नीट गिरवला. सभासद होऊ पाहणाऱ्याची चौकशी, त्याने सर्वांसमोर केलेले निवेदन आणि मग कराराला दिलेली मान्यता, हा त्यांचा शिरस्ता या शखेमच्या प्रसंगाशेजारी ठेवून वाचला की त्यातला कोरडेपणा जाऊन नाट्य दिसू लागते.

सेलमच्या कराराच्या शोधाची हकिकतही चवीने वाचावी अशी आहे. नऊ कलमांचा एक लांब करार पुष्कळ काळ १६२९ चा मूळ करार म्हणून छापला जात होता. पण त्या दस्तऐवजाच्या प्रस्तावनेतच, आरंभी या मंडळीने केलेला करार आम्ही नव्याने करत आहोत, असे म्हटले आहे आणि लगेच ते एक वाक्य दिले आहे. म्हणजे नऊ कलमे १६३६ च्या नूतनीकरणाची. मूळ करार त्यांच्या पोटात जपून ठेवलेला. विलिस्टन वॉकर यांच्या १८९३ च्या संग्रहात हा उलगडा नीट वाचायला मिळतो. घर वाढवताना जुन्या मालकाचा देव्हारा जागचा न हलवावा, तशी ही नऊ कलमे त्या वाक्याभोवती बांधलेली आहेत.

आणि ती कलमे! १६३६ च्या आधी सेलममध्ये काय घडले होते हे ठाऊक असेल तर त्यांतला प्रत्येक शब्द उमलतो. पाळक रॉजर विल्यम्सच्या मतांवरून वसाहतीत वादळ उठले होते. त्याला हद्दपार केले गेले. मंडळी दुभंगली होती. नवा पाळक ह्यू पीटर आला आणि करार नव्याने झाला. म्हणून तर एका कलमात मत्सर, संशय, चहाडी, मनातल्या मनातली धुसफूस टाळण्याचे वचन आहे. दुसऱ्यात, सभेत आपली हुशारी दाखवायला किंवा शंका काढायला पुढे पुढे करणार नाही, आणि भावंडांची उणी तिथे उघडी पाडणार नाही, असे म्हटले आहे. आणखी एका कलमात आळस टाळण्याचे आणि ज्यांचा कारभार आपल्या हाती आहे त्यांच्याशी कठोरपणे न वागण्याचे वचन आहे. नोकरांना आणि मुलांना देवाचे ज्ञान शिकवण्याचेही आहे. भांडण काय होते याचा उल्लेख कुठेच नाही, पण भांडणाचा वण प्रत्येक कलमावर आहे. जखमेचे नाव न घेता तिच्यावर पट्टी बांधण्याचे हे कसब थोर आहे.

वचन दिले म्हणून माणसे वचनाएवढी मोठी होतात असे मात्र नाही. १६६० नंतर याच मंडळीने क्वेकर पंथाच्या शिकवणीपासून सावध राहण्याचे कलम जोडले. १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांत तिने रिबेका नर्स या वृद्ध सभासद बाईला बहिष्कृत केले, आणि तिला फाशी झाली. १७१२ मध्ये मंडळीने तो बहिष्कार रद्द केला. करारामुळे अपराध टळला नाही, पण ‘एकमेकांशी’ हे पद कागदावर होते म्हणून अपराधाला अपराध म्हणायचे मोजमाप उरले. चांगल्या वचनाची किंमत ते मोडले जाते तेव्हाही कळते.

१६४८ च्या केंब्रिज प्लॅटफॉर्म या दस्तऐवजात कराराची मीमांसा आहे, आणि तीत एक फार नाजूक जागा आहे. करार स्पष्ट शब्दांत केलेला असेल तर उत्तम, असे ती सांगते. पण जिथे माणसे नेमाने उपासनेला जमतात, एकमेकांना धरून राहतात, तिथे शब्द उच्चारले गेले नसले तरी करार झालेलाच आहे, असेही मान्य करते. शब्दांवर एवढी भिस्त असलेल्या लोकांनी मुक्या आचरणालाही सहीचा मान दिला. विद्वत्तेला एवढी उदारता क्वचितच साधते.

दहा वर्षांनी, १६५८ च्या शरदात, लंडनच्या सॅव्हॉय राजवाड्यात इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले. सभेला परवानगी देणारा इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल ती भरण्याआधीच वारला होता. जॉन ओवेन, थॉमस गुडविन अशा पंडितांनी वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार समोर ठेवून आपला मसुदा केला. मूळ तेहतीस अध्यायांतले चर्चची शिक्षा आणि धर्मसभा यांवरचे दोन अध्याय गाळले, शुभवर्तमानाच्या व्याप्तीवरचा एक नवा घातला, झाले बत्तीस. काय गाळले यावरूनच काय जपायचे होते ते कळते: स्थानिक मंडळीवर वरून चालणारी सत्ता त्यांना नको होती. पण रसिकाने थांबावे ते प्रस्तावनेत. श्रद्धेची कबुली जबरीने घेतली की ती कबुली राहत नाही, ती वसुली होते, असा तिचा रोख आहे. सिद्धान्ताचा ग्रंथ लिहायला बसलेल्यांनी पहिल्याच पानावर सिद्धान्ताच्या सक्तीला नकार द्यावा, ही या परंपरेची खरी खानदानी.

या घराण्याची शाखा आपल्याकडे कशी आली? ६ फेब्रुवारी १८१२ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना दीक्षा मिळाली ती सेलममध्येच, टॅबरनॅकल चर्चमध्ये. १६२९ च्या मंडळीतून १७३५ च्या फुटीत निघालेली ही शाखा. पुढच्या फेब्रुवारीत दोघे मुंबईत पोहोचले. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे झाले, १८३३ मध्ये तिथे मंडळी स्थापन झाली, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. १८५४ मध्ये हरिपंत ख्रिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकाची दीक्षा मिळाली. हरिपंतांचे मूळ आडनाव खिस्ते. दोघेही ब्राह्मण घरांतले, आणि मंडळीत बहुसंख्य महार कुटुंबे. सेलमच्या तीस जणांत मतभेद असतील, पण एकमेकांच्या सावलीचा विटाळ नव्हता. इथे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एका आडाचे पाणी प्यायले नव्हते त्यांना प्रभुभोजनाला एका भाकरीत आणि एका प्याल्यात सहभागी व्हायचे होते. भेद एका दिवसात गेले असे कोणी म्हणणार नाही. पण ‘एकमेकांशी’ या पदाला जे मोल नगर-नेवाशाच्या मातीत पडले ते त्याच्या जन्मगावीही पडले नव्हते, आणि म्हणून ते पद इथे अधिक तेजस्वी दिसते.

ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या तालुक्यात वडाळा आहे, आणि पैठणला नाथांचा वाडा आहे, हे ध्यानात घेतले की आपल्या लोकांना आधी वचन देण्याची ही रीत का उमगावी हेही कळते. वारकरी माळ घालतो तेव्हा त्याला द्वैत-अद्वैताची परीक्षा द्यावी लागत नाही. वारी चुकवणार नाही, एकादशी मोडणार नाही, असा शब्द तो देतो आणि दिंडीत चालू लागतो.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो याच अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. वचन आधी, बाकी मागून, हे सूत्र याहून पुढे कोणी नेलेले माझ्या वाचनात नाही. इथल्या काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्ये संयुक्त चर्चमध्ये आणि १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. गोदावरीच्या अल्याडचे अँग्लिकन आणि पल्याडचे काँग्रिगेशनल आता एका चर्चचे आहेत. पाठही आहे, वचनही आहे. त्यांतला पाठ तोंडी राहतोच. वचनाचे मात्र प्रत्येक पिढीला नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी सेलमकरांनी १६३६ मध्ये घालून दिलेला वस्तुपाठ आजही पुरेसा आहे: भांडण झाले की जुने वाक्य काढायचे, ते जसेच्या तसे मध्यभागी ठेवायचे, आणि आपण कुठे चुकलो तेवढी कलमे त्याच्याभोवती नव्याने लिहायची.