नांगर, खबर आणि रूढी : ‘किर्लोस्कर’मधील यंत्रविचार

शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ मुळात कारखान्याचे पत्रक होते. औंध संस्थानात १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविणे, एवढाच त्याचा हेतू. १९२९ मध्ये नावातील ‘खबर’ गळली. पुढच्याच वर्षी ‘स्त्री’ मासिक निघाले. व्यापारी पत्रकाचे समाजसुधारणेच्या मासिकात झालेले हे रूपांतर आकस्मिक मानले जाते. ते तसे नाही. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती दूर केल्याखेरीज नांगर खपणे शक्य नव्हते. जाहिरात आणि प्रबोधन यांचे मूळ असे एकच आहे. १९३० च्या दशकात सावरकरांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांना याच मासिकाने जागा दिली, हे या भूमिकेशी सुसंगतच होय.

मात्र या मांडणीत रूढी हा प्रामुख्याने समजुतीचा दोष ठरतो. यंत्र आले की तो ओसरेल, हे गृहीतच धरलेले. मुंबईच्या गिरण्यांचा अनुभव वेगळा होता. तेथे यंत्रे कधीच आली होती. तरीही तुटलेला धागा तोंडाने ओलावून जोडावा लागतो, या सबबीवर अधिक मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला. रूढी तेथे अज्ञानापेक्षा मजुरीच्या वाटपाशी अधिक घट्ट बांधलेली होती, आणि ‘किर्लोस्कर’चा बुद्धिवाद नेमका याच ठिकाणी तोकडा पडतो.