बेडकांचा अभ्यास : कामे भरपूर, जागा किती?

दहावी-बारावीचे निकाल लागले की करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तिकांना आणि पुरवण्यांना बहर येतो. अभियांत्रिकी, वैद्यक, संगणक या ठरलेल्या वाटांच्या जोडीला त्यांत 'वन्यजीव संशोधन' हे प्रकरणही आता दिसू लागले आहे, आणि सापांच्या शेजारी कधीकधी बेडकांनाही दोन-चार ओळी मिळतात. बेडकांचा अभ्यास करून पोट भरता येते का, असे विचारणारे विद्यार्थी थोडे असले तरी आहेत. त्यांच्या हाती जे लिखाण पडते ते त्यांच्या कितपत उपयोगाचे आहे, हे तपासून पाहावे असे आम्हांला वाटले. त्यासाठी तीन प्रकारचे लिखाण आम्ही विचारात घेतले आहे : मार्गदर्शनपर पुस्तिका, नव्या प्रजातींच्या वृत्तपत्रीय बातम्या आणि जागतिक पातळीवरचे संवर्धन आराखडे.

पुस्तिकांपासून सुरुवात करू. त्यांचा साचा ठरलेला असतो. आधी पात्रता, मग संस्थांची नावे व पत्ते आणि शेवटी 'या क्षेत्रात संधी भरपूर आहेत' हे वाक्य. पत्ते बहुधा बरोबर असतात, पण कोणती संस्था नेमके काय करते हे त्यावरून कळत नाही. भारतीय प्राणिसर्वेक्षण ही संस्था १९१६ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय कोलकात्यात आणि पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. प्राण्यांचे नमुने जतन करणे आणि त्यांचे वर्गीकरण करणे हा तिच्या कामाचा गाभा आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र येथे वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्रात पीएच.डी. करता येते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. एस. डी. बिजू यांची प्रयोगशाळा बेडकांच्या वर्गीकरणासाठी प्रसिद्ध आहे, तर हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राचा एक विभाग संकटग्रस्त प्राण्यांच्या संवर्धनासाठी राखलेला आहे. वर्गीकरणाची आवड असलेला विद्यार्थी आणि प्रयोगशाळेत डीएनएवर काम करू इच्छिणारा विद्यार्थी या दोघांना एकच यादी देऊन भागत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पुस्तिका पदवी आणि नोकरी यांच्यामधला काळ गाळून टाकतात. एम.एस्सी. नंतर सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा, त्यात कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.साठी पाच वर्षांपर्यंतचा आधार, असा हा मार्ग आहे. जानेवारी २०२३ पासून या पाठ्यवृत्तीची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये झाली आहे. आधार चांगला आहे, पण पाठ्यवृत्ती म्हणजे नोकरी नव्हे. तिची मुदत संपली की पुन्हा नव्या प्रकल्पाचा शोध सुरू होतो. ज्यांना ती मिळत नाही ते प्रकल्प साहाय्यक म्हणून वर्ष-दोन वर्षांच्या करारावर काम करतात. परदेशी संस्थांची छोटी अनुदानेही आहेत. ब्रिटनचे रफर्ड प्रतिष्ठान तरुण अभ्यासकांना अशी मदत देते. परंतु ही मदत मुख्यतः रानातील कामाच्या खर्चासाठी असते, संसार चालवण्यासाठी नव्हे. हे सर्व सतरा वर्षांच्या मुलाला कळले तर तो नाउमेद होईल, अशी भीती लेखकांना वाटत असावी. आमच्या मते न कळल्याने होणारे नुकसान त्याहून मोठे आहे.

आता बातम्यांकडे वळू. 'सह्याद्रीत बेडकाची नवी प्रजाती सापडली' ही बातमी पावसाळ्यात हमखास येते, आणि विद्यार्थ्यांच्या मनात या विषयाची आवड बहुधा तिनेच निर्माण होते. हे तिचे श्रेय आहे. मात्र ती 'सापडली' या शब्दाशी सुरू होते आणि तेथेच संपते. २०१७ साली दिल्ली विद्यापीठाच्या गटाने पश्चिम घाटातून रातबेडकांच्या सात नव्या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतल्या चार तर अंगठ्याच्या नखावर मावतील एवढ्या लहान होत्या. बातमीत तो नखावरचा बेडूक ठळक छापला गेला, पण त्यामागे पाच वर्षांची भटकंती होती. नव्या प्रजातीचे बाह्य स्वरूप, तिचा आवाज आणि तिचा डीएनए यांची ज्ञात प्रजातींशी तुलना करावी लागते. ज्या नमुन्यावरून नाव दिले तो मान्यताप्राप्त संग्रहालयात ठेवणे जैवविविधता कायदा, २००२ नुसार बंधनकारक आहे. रानात बेडूक पकडण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. बातमी वाचून हातजाळे घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याला यातले काहीच ठाऊक नसते.

बातमीने होणारी आणखी एक गफलत म्हणजे उभयचरांचा अभ्यास म्हणजे नव्या प्रजाती शोधणे, असा समज. आंबोलीचेच उदाहरण घ्या. २००३ साली तेथून 'गेगेनिओफिस डॅनिएली' या देवगांडुळाचे वर्णन झाले. देवगांडूळ म्हणजे पाय नसलेला, मातीत राहणारा उभयचर. त्याला जे. सी. डॅनिएल यांचे नाव दिले आहे. पश्चिम भारतातील उभयचर ओळखण्यासाठी डॅनिएल यांनी १९६३ व १९७५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात जी लेखमाला लिहिली, ती त्यापुढील अभ्यासकांचा आधार ठरली. २००९ साली आंबोलीतूनच 'झँथोफ्राइन टायगेरिना' या भेकाचे वर्णन झाले. पुढे लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. नाव मिळाल्याने अभ्यास संपला का? उलट खरे प्रश्न त्यानंतर सुरू झाले. जांभ्या दगडाच्या सड्यावर साचलेल्या पाण्यात त्याची वीण किती दिवस चालते? पाऊस लांबला तर बेडूकमाशांचे काय होते? पर्यटकांच्या गाड्यांखाली किती भेक चिरडले जातात? या प्रश्नांची उत्तरे एकाच सड्यावर वर्षानुवर्षे जाणारा अभ्यासकच देऊ शकतो. पण 'पाचव्या वर्षीही तीच मोजणी केली' ही बातमी कोणी छापत नाही, आणि ज्याची बातमी होत नाही त्याला पैसा मिळणेही कठीण जाते.

तिसरा प्रकार संवर्धन आराखड्यांचा. यांचा दर्जा निःसंशय वरचा आहे. २००४ साली जगातील उभयचरांची पहिली व्यापक पाहणी प्रसिद्ध झाली. तेव्हा सुमारे एक तृतीयांश प्रजाती संकटात असल्याचे दिसले. २०२३ साली 'नेचर'मध्ये दुसरी पाहणी आली. तीत ८,०११ प्रजाती तपासल्या गेल्या आणि संकटग्रस्तांचे प्रमाण ४०.७ टक्के भरले. २००४ नंतर ज्या प्रजातींची स्थिती बिघडली, त्यांपैकी ३९ टक्क्यांच्या बाबतीत हवामानबदल हे मुख्य कारण होते. या दोन पाहण्यांच्या दरम्यान, २००७ साली, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी उभयचर संवर्धनाचा कृती आराखडा प्रसिद्ध केला. अधिवासांचे रक्षण, रोगनियंत्रण, बंदिस्त प्रजनन, वर्गीकरण अशा कामांची पाच वर्षांची आखणी त्यात होती व तिचा खर्च सुमारे ४० कोटी डॉलर धरला होता. तेवढा पैसा उभा राहिला नाही. २०२४ साली याच आराखड्याचा नवा आढावा प्रसिद्ध झाला.

आराखड्याबद्दल आमचा आक्षेप त्याच्या विज्ञानाला नाही, तर तो ज्या पद्धतीने उद्धृत केला जातो त्या पद्धतीला आहे. काम प्रचंड आहे, म्हणून नोकऱ्याही प्रचंड असणार, असा अर्थ मार्गदर्शक त्यातून काढतात. कामांची यादी म्हणजे नोकऱ्यांची यादी नव्हे. एखादे काम करायला हवे आणि त्यासाठी कोणी पगार द्यायला तयार आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोग्यसेवकांची गरज आणि भरलेली पदे यांतले अंतर शिक्षकांना चांगले माहीत असते. बेडकांच्या बाबतीत ते अंतर त्याहून मोठे आहे.

आराखड्याचा एक फायदा मात्र पुस्तिकांनी उचलायला हवा होता. या विषयात येण्याचे दरवाजे अनेक आहेत, हे त्यातून स्पष्ट दिसते. उदाहरणार्थ, कायट्रिड बुरशी. बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या या बुरशीचे शास्त्रीय नामकरण १९९९ साली झाले. तिच्यामुळे जगभरात किमान ५०१ प्रजातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० बहुधा नामशेष झाल्या, असा अंदाज २०१९ साली मांडला गेला. २०१३ साली पुण्याच्या आयसरमधील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका गटाने दाखवले की पश्चिम घाटातील बेडकांवरही ही बुरशी आहे आणि तिचे वाण आशियातले आहे. ऑस्ट्रेलियात किंवा मध्य अमेरिकेत झाली तशी सामूहिक मरतूक येथे का दिसत नाही, हा प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला खुणावणारा आहे. बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यावरून प्रजाती ओळखण्याच्या कामात भौतिकशास्त्र व संगणक जाणणाऱ्याला स्थान आहे. प्रजातींची संख्या वाढते आहे की घटते आहे, हे ठरवायला संख्याशास्त्र लागते. अशा विद्यार्थ्याकडे दुसऱ्या क्षेत्रातही चालणारे कौशल्य असते. बेडकांवरचा प्रकल्प संपला तरी त्याचे हात रिकामे राहत नाहीत. मार्गदर्शनाचा हा खरा मुद्दा आहे, आणि तोच बहुतेक ठिकाणी वगळला जातो.

विद्यार्थ्याने जाहिरात दाखवली तर शिक्षकांनी त्याला चार प्रश्न विचारायला शिकवावे. हे काम किती महिन्यांचे आहे? दरमहा काय मिळते आणि प्रवास, विमा, औषधपाण्याचा खर्च कोण करते? गोळा केलेल्या माहितीवर निबंध लिहिला तर त्यात साहाय्यकाचे नाव असेल का? आवश्यक त्या सरकारी परवानग्या घेतल्या आहेत का? ज्या संस्थेकडे या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे आहेत तेथे कमी पैशांतही पुष्कळ शिकायला मिळते. 'अनुभव हाच मोबदला' असे सांगणाऱ्यांपासून मुलांना सावध करणे हे शिक्षकाचे काम आहे. अशा कामांत घरून पैसे आणू शकणारेच टिकतात, आणि सड्यालगतच्या गावातला, बेडकांचे आवाज लहानपणापासून ओळखणारा मुलगा बाहेर राहतो. त्यात विज्ञानाचेही नुकसान आहे.

आपल्या अभ्यासक्रमात बेडूक पिढ्यान्‌पिढ्या विच्छेदनाच्या तबकात होता. त्याचे हृदय तीन कप्प्यांचे असते हे पाठ होते, पण तो कोठे अंडी घालतो हे कोणी विचारले नाही. पाठ्यपुस्तकात शिकलेला 'राना टायग्रिना' आज 'हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस' झाला आहे. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातील विच्छेदन थांबवण्यास सांगितले. तबक रिकामे झाले, पण त्या जागी दुसरे काही आले नाही. शाळेजवळच्या डबक्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला ठरावीक वेळी जाऊन, बेडकांना हात न लावता, पाऊस, आवाज आणि अंड्यांची नोंद करणारी वही ती जागा भरून काढू शकते. चार महिने ही वही चिकाटीने भरणाऱ्या विद्यार्थ्याला हे काम आपल्याला झेपेल का, याचे उत्तर कोणत्याही पुस्तिकेपेक्षा नेमके मिळेल. ज्याला ते झेपेल त्याला वाटेतल्या अडचणी सांगून मगच पुढे पाठवावे.