पॅचमधील लोप : काढलेल्या फाइलीच्या लेखनाविषयी

जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावीत. काढावयाचा मजकूर झाकला जावा, हा त्यामागील हेतू. संगणकीय आज्ञावलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनांची रीत नेमकी उलट आहे. पॅच म्हणजे दोन आवृत्त्यांमधील भेदाचे असे टिपण, की जे जुन्या प्रतीस लावले असता नवी प्रत सिद्ध व्हावी. २००५ साली निर्माण झालेल्या गिटच्या पॅचमध्ये काढलेली फाइल पहिल्या ओळीपासून अखेरच्या ओळीपर्यंत उद्धृत होते. प्रत्येक ओळीपूर्वी उणे चिन्ह, आणि नव्या फाइलीच्या नावाच्या जागी 'डेव्ह-नल' हे युनिक्समधील शून्यस्थान. गिटच्या भांडारात मात्र 'काढली' अशी नोंदच नसते. पुढील आवृत्तीच्या यादीत ते नाव येत नाही, इतकेच. लोपाला वाक्यरूप मिळते ते पॅचमध्येच.

रिती झालेली फाइल आणि नाहीशी झालेली फाइल यांतील भेद ही येथील खरी अडचण. दोहोंतही साऱ्या ओळी उणेच होतात. लॅरी वॉल यांच्या १९८५ च्या 'पॅच' या प्रोग्रॅमच्या परंपरेत, नव्या बाजूस १ जानेवारी १९७० हा युनिक्स-कालगणनेचा आरंभक्षण आढळल्यास फाइल अस्तित्वातच नाही असे मानण्याचा संकेत पुढे रूढ झाला. तारखेच्या जागी अभाव लिहिण्याची ही युक्ती चतुर खरी. परंतु संकेत ठाऊक नसलेल्यास ती निव्वळ चुकीची तारीख वाटावी! गिट हा लोप शीर्षभागात स्पष्ट शब्दांत नोंदविते; म्हणूनच एकही ओळ नसलेली फाइल काढल्याचेही त्यात सांगता येते.

पूर्ण उद्धरण कंटाळवाणे होते, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी गिटमध्ये 'इर्रिव्हर्सिबल-डिलीट' हा पर्याय असून त्यात केवळ शीर्षभाग उरतो. असा पॅच लावण्यासाठी नव्हे, परीक्षकाच्या सोयीसाठी आहे, असे गिटची माहितीपुस्तिकाच सांगते. नाव प्रामाणिक आहे, पण अपुरे. कारण गमावते ते केवळ परतीचे साधन नव्हे. दरम्यान कोणी त्याच फाइलीत एक ओळ वाढविली असेल, तर पूर्ण पॅच लावताना ती ओळ शिल्लक राहते आणि गिट फाइल काढण्यास नकार देते. उणे चिन्हांकित ओळी म्हणजे जे पाहिले तेच काढले जात आहे याची साक्ष होय. संक्षिप्त पॅचपाशी ती साक्षच नसते. तेव्हा परीक्षकाने संक्षेप खुशाल वाचावा. दुसऱ्याच्या हाती द्यावयाची प्रत मात्र पूर्णच असली पाहिजे. चित्रांच्या फाइलींबाबत हे अधिकच जपावे लागते, कारण गिटच्या साध्या डिफमध्ये त्यांचे उद्धरण मुळीच नसते, फक्त 'भिन्न आहेत' एवढाच शेरा. पूर्ण मजकूर हवा असल्यास 'बायनरी' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो.