चढाचे गद्य

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची सायकलशर्यत जोडीने पुरी केली. तिचे जे वृत्तान्त आम्ही वाचले त्यांत तास आहेत, अंतरे आहेत. रॉकी पर्वत मात्र नावापुरता. सुभानपुऱ्याच्या सपाट रस्त्यांवर सायकल हाकणाऱ्या आम्हांस वुल्फ क्रीक खिंडीची ३,३०० मीटर उंची नुसत्या आकड्याने काय कळणार? 'माझा प्रवास' आपण वाचतो, तो गोडसे भटजींचे कोस मोजण्यासाठी नव्हे. वाटेवरची धास्ती त्यांनी लपविली नाही म्हणून. शिवाय जोडीच्या शर्यतीत एक सायकलीवर असता दुसरा गाडीत विसावतो. एकाने धापा टाकीत चढलेला घाट दुसऱ्याने कदाचित झोपेतच ओलांडला असेल! वृत्तान्तकारांना त्याविषयी साधे कुतूहलही वाटू नये?