प्रश्नाची मांडणी आणि नामांतर

संयुत्तनिकायाच्या निदानसंयुत्तात मोलियफग्गुनसुत्त आहे. भिक्खू फग्गुन विचारतो, वेदना कोण अनुभवतो? भगवान बुद्ध त्याला उत्तर देत नाहीत. प्रश्नच योग्य नाही, असे सांगतात. वेदना कोणत्या प्रत्ययाने उत्पन्न होते, असे विचारले असते तर ते योग्य झाले असते. ‘कोण’ या एका शब्दात आत्मा गृहीत धरलेला होता. मांडणी बदलताच कारण दिसू लागते, आणि कारण दिसले की निरोधाचा मार्ग दिसतो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराकडे या कसोटीने पाहावयास हवे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला. विरोधकांनी प्रश्न असा मांडला : मराठवाड्याची अस्मिता राहणार की पुसली जाणार? एकाचा सन्मान म्हणजे दुसऱ्याची हानी, हे या मांडणीतच ठरून गेले होते. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘नामांतरा’ऐवजी ‘नामविस्तार’ झाला. दोन्ही नावे एकत्र आली आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ अडलेला निर्णय मार्गी लागला. मांडणीचे हे सामर्थ्य नाकारता येणार नाही.

परंतु नामविस्ताराने प्रश्न सुटला, हे म्हणणे अर्धसत्य आहे. ठरावानंतर नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. खेड्यापाड्यांतील दलित वस्त्या जाळल्या गेल्या. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला आत्मदहन केले. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या शेतमजुराचे घर त्याच्या पाटीसाठी का जळावे? ज्या विद्यापीठाला आज किनवटची महाविद्यालये जोडलेली आहेत, त्यालाही १९९४ मध्येच स्वामी रामानंद तीर्थांचे आणि मराठवाड्याचे असे जोडनाव मिळाले. व्यक्तिनाम आणि प्रदेशनाम एकत्र नांदू शकतात, हे उघड आहे. तेव्हा अडचण नावाची नव्हती; नाव कोणाचे, ही होती.

येथेच दोन मांडण्यांतील भेद स्पष्ट होतो. फग्गुनाचा प्रश्न बदलून तथागतांनी कारण उघडे केले. नामांतराचा शब्द बदलून शासनाने तडजोड शक्य केली. कारण मात्र झाकलेलेच राहिले. तडजोडीचे मोल कमी नाही, त्यासाठी प्राण वेचले गेले आहेत. म्हणूनच तिला अंतिम उत्तर मानू नये. गावकुसाबाहेरचे घर कोणत्या प्रत्ययाने जळते, हा योग्य प्रश्न आपण अजून विचारावयाचा आहे.