सदतीस मिनिटं आणि दोन कान

अमेरिकेतल्या ‘डाउनबीट’ या जॅझच्या नियतकालिकाने जानेवारी 1962 मध्ये एकाच रेकॉर्डची दोन परीक्षणं छापली. पीट वेल्डिंग यांनी रेकॉर्डला पाचपैकी पाच तारे दिले. जॉन टायनन यांनी एकही दिला नाही. आमच्या बँकेत तीच कॅश दोघांनी मोजली आणि एकाची पूर्ण भरली, दुसऱ्याची शून्य आली, तर त्या संध्याकाळी कुणाचीच घरची गाडी मिळायची नाही. समीक्षेत मात्र हे खपतं. तिथे टॅली करायला कुणी बसत नाही.

ती रेकॉर्ड म्हणजे ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जॅझ’. 21 डिसेंबर 1960 रोजी न्यूयॉर्कमध्ये आठ वादक जमले आणि सदतीस मिनिटं सलग वाजवून मोकळे झाले. रेकॉर्डच्या कव्हरला खिडकी कापलेली, तिच्यातून जॅक्सन पोलॉकचं चित्र डोकावतंय. म्हणजे कानांच्या आधी डोळ्यांचीच तोंडी परीक्षा. आमच्या घरी ही रेकॉर्ड लागली की शेजारचे काका ती संपेपर्यंत वाट पाहतात आणि मग दारात येऊन हळूच विचारतात, “मिटलं का हो?”

असलं संगीत आवडतं म्हणणारा माणूस थापा मारतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. थापा मारणारे असतात, नाही असं नाही. नवकविता आली तेव्हाही होते. डोळे मिटून मान डोलवायला भांडवल लागत नाही. पण ज्याने हे वाजवलं तो काही थापाड्या नव्हता. कोलमन टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. पुढे लॉस एंजेलिसला त्याने एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवली, आणि लिफ्ट रिकामी असली की संगीतशास्त्राची पुस्तकं वाचली. धातूचा सॅक्सोफोन परवडेना म्हणून प्लॅस्टिकचा पांढरा घेतला. नोकरीच्या वेळात दुसरंच काहीतरी वाचणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. कारण उघड आहे, जास्त विचारू नका.

त्याने केलं काय? तर नेहमीच्या जॅझमध्ये गाण्याखाली कॉर्ड्‌सची एक साखळी फिरत असते. वादकाने कितीही भराऱ्या मारल्या तरी ठरलेल्या जागी ठरलेल्या कॉर्डवर हजर व्हायचं. कर्जाच्या हप्त्यांसारखं ते आहे, तारीख चुकून चालत नाही. कोलमनने हप्तेच रद्द केले. कॉर्ड्‌स वाजवणारा पियानोवालाच त्याने ठेवला नाही. सूर जिकडे जाईल तिकडे जायचं, बाकीच्यांनी कान देऊन मागे यायचं. आता खरं सांगा, ख्याल ऐकलेल्या माणसाला यात धक्का बसावा असं काय आहे? आपल्याकडे कॉर्ड्‌सची साखळी कधी नव्हतीच. गवई सुराच्या मागे जातो आणि पेटीवाला गवयाच्या मागे. आपल्याला अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. आपण बसल्या बसल्या सम शोधत असतो, आणि इथे ती येतच नाही.

म्हणून थेट ‘फ्री जॅझ’मध्ये उडी टाकू नये. आधी 1959 च्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’मधली ‘लोन्ली वुमन’ ऐकावी. चारच वादक. खाली बिली हिगिन्सचा ड्रम पळतोय, चांगला घाईत, ऑफिसला उशीर झाल्यासारखा. त्याच्यावर सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा कॉर्नेट एक रडवेली चाल सावकाश ओढताहेत, घरात कुणी गेलंय आणि आता कसलीच घाई उरलेली नाही अशी. रस्त्याची लय एक आणि घरातली दुसरी. एवढं कानाला लागलं की पुढचा रस्ता उघडतो. नाही लागलं तर बटाटेवडा खावा आणि चार दिवसांनी पुन्हा लावावी.

मग ‘फ्री जॅझ’. ही ऐकायची युक्ती रेकॉर्डमध्येच ठेवलेली आहे. चार वादक डाव्या कानात आणि चार उजव्या. दोन्हीकडे दोन-दोन फुंकवाद्यं, एक बास, एक ड्रम. डावीकडे कोलमन आणि चेरी, उजवीकडे एरिक डॉल्फी आणि फ्रेडी हबर्ड. आठही जण एकदम ऐकायला गेलं की खरोखरच लोकलचा डबा होतो. पण लोकलच्या डब्यात आपण सगळ्यांचं बोलणं कुठे ऐकतो? शेजारच्या दोघांचं ऐकतो, तेही ऐकत नाही असं दाखवून. तसं इथे एकच बास पकडावा. उजवीकडचा चार्ली हेडन खालच्या सुरात जमीन धरून बसतो, डावीकडचा स्कॉट लाफारो त्याच वाद्यावर वर चढून बारीक बारीक बोलतो. लाफारो पुढच्याच जुलैत मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. हे कळल्यापासून माझा डावा कान जरा जास्तच जागा असतो.

एकदा बास सापडला की बाकी हिशेबही लागतो. डॉल्फीपासून एकेकाची पाळी येते, दोन पाळ्यांच्या मध्ये सगळे मिळून ठरवलेला एक तुकडा वाजवतात, आणि इतका गोंगाट चाललेला असताना खालची लय सुटत नाही. टायनन यांना हे ऐकू आलंच नसेल असं मला वाटत नाही; एवढ्यासाठी एवढं सोसायचं का, हा त्यांचा प्रश्न असावा आणि तो गैर नाही. माझ्या मते कोलमनची स्वतःची पाळी लांबली तरी कंटाळा येत नाही, कारण इतरांनी मध्येच टाकलेले शब्द तो उचलून पुढे नेतो. शेवटची ड्रमची आवर्तनं मात्र मी चहा टाकण्यासाठी राखून ठेवतो. चार तारे. एक चहाचा कापला. कोलमनला 2007 मध्ये ‘साउंड ग्रामर’साठी पुलित्झर मिळालं, तेव्हा माझ्या एका ताऱ्याने त्याचं काही अडणार नाही.

जॉन कोल्ट्रेनची ‘असेन्शन’ ही त्यापुढची पायरी, आणि इथे गुडघे बोलायला लागतात. 28 जून 1965 ला अकरा जणांनी वाजवलेली. एकेकट्याचं वादन जबरदस्त, पण मधले सामुदायिक लोंढे मला एकसारखे वाटतात. शिवाय हिच्या आवृत्त्या दोन. आधी एक बाजारात आली, मग कोल्ट्रेनला दुसरी बरी वाटली, आणि त्याच कव्हरमध्ये ती घालून विकली. ग्राहकाला न कळवता आतला माल बदलणं आमच्या बँकेत केलं असतं तर चौकशी लागली असती. आधीच्या आवृत्तीत एल्विन जोन्सचं ड्रमवादन स्वतंत्र आहे, दुसरीत ते नाही. घ्यायचीच असेल तर ड्रमवाली घ्या, आणि शेजारच्या काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.